माक्रिना येस्कासची गावकी

वाहाकाच्या डोंगरातल्या याबेदो गावात माक्रिना येस्कासचा आवाज कुत्र्यामांजरांनासुद्धा पाठ होता. एकोणीस वर्षं ती गावच्या टेलिफोनच्या खोपटात बसली. उत्तरेत, लॉस एंजेलिसकडं पोटासाठी गेलेल्यांपैकी कुणाचा फोन आला की भोंगा हातात घ्यायची आणि अख्ख्या दरीला ऐकू जाईल असं ओरडायची, "एउफ्रोसिना, तुझ्या लेकाचा फोन हाय गं! धा मिंटांनी परत करतोय. तव्यावरची तोर्तिया करपू दे, पळ!" मग कुणी मक्यातनं, कुणी कॉफीच्या मळ्यातनं, कुणी ओल्या हातानं धुण्यावरनं पळत यायचं. खोपटात काय बोलणं झालं, कोण रडलं, कुणाची लॉस एंजेलिसला दुसरी बायको निघाली, सगळं माक्रिनाच्या कानावरनं गेलं. पण एक शब्द बाहेर पडला नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "भोंगा हाका मारायला दिलाय मला, चहाड्या करायला न्हाई."

एवढं करून गावाच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

यादी म्हणजे गावकी केलेल्यांची. आमच्या डोंगरात गावकी बिनपगारी. वर्षभर गावाचं काम अंगावर घ्यायचं, पाण्याची टाकी म्हणा, देवळाच्या घंटा म्हणा, चावडीची राखण म्हणा, आणि एक जानेवारीला खाली ठेवायचं. ज्याचं वर्ष पुरं झालं त्याचं नाव यादीत, आणि यादीत नाव असेल त्याचाच हात सभेत मोजायचा. अधेमधे काम सुटलं तर केलेलं सगळं पाण्यात. बाईनं राबून काढलेलं वर्ष नवऱ्याच्या नावावर चढायचं. माक्रिनाला नवरा नव्हता. तिनं दोन वर्षं शाळेचा स्वैपाक रांधला तो भावाच्या नावावर गेला. भाऊ उत्तरेत कुणाच्या तरी बागेतलं गवत कापत मानकरी झाला, आणि ही सभेत मागच्या बाकाच्याही मागं भिंतीला पाठ लावून उभी. टेलिफोनचं खोपटं तर गावकीत धरलंच नव्हतं. ते म्हणे बायकांचं काम, नुसतं बसायचं.

मग गावानं मोबाइलचा स्वतःचा टॉवर उभारला. मोठ्या कंपन्यांनी याबेदोकडं ढुंकून बघितलं नव्हतं; दोनशे घरांसाठी कोण येतंय? शहरातली चार शिकलेली माणसं आली, गावानं श्रमदान केलं, खांब खांद्यावरनं डोंगरावर नेला. वर एक पत्र्याची खोली, खोलीत यंत्र, आणि गावातले मोबाइल गावाच्याच यंत्रावर बोलायला लागले. खोपटाला कुलूप लागलं.

यंत्राला राखणदार पाहिजे म्हणून सभेत विचारणा झाली तेव्हा सगळे गडी आपापल्या टोपीत बघायला लागले. डोंगर दोन तासांचा, काम डोक्याचं, पगार नाही. अध्यक्ष तिओ क्रिसोफोरो (आमच्याकडं काकाला तिओ, काकूला तिया म्हणतात) यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा भिंतीकडनं आवाज आला.

"माझं नाव घाला."

माणसं वळून बघायला लागली. खेचरवाला तौरिनो म्हणाला, "भोंगा बोलला रं!" हशा पिकला.

"हसून झालं की घाला," माक्रिना म्हणाली. "आणि माझ्या नावानं घाला. बापाच्या न्हाई, भावाच्या न्हाई. माक्रिना येस्कास. पुढं मोकळं सोडा."

दुसरं कुणी नव्हतंच. घातलं.

पहिले पाच महिने तिनं डोंगर असा चढला की तौरिनोचं खेचर लाजावं. यंत्र अडलं की वर जायचं, दोन कळा दाबायच्या, खाली यायचं. एकदा वर पोचून बघते तर नुसती एक ओळ टंकून भागण्यासारखं होतं. दोन तास चढ, एका ओळीसाठी! बारकं काम आणि मोठा डोंगर, असा तो हिशेब होता. मग जूनमध्ये पाय घसरला. गुडघ्याची वाटी फुटली. वाहाका शहरात नेऊन डॉक्टरांनी आत तारा घातल्या आणि सांगितलं, वर्षभर चढ नाही.

तिओ क्रिसोफोरो पाव आणि चॉकलेट घेऊन भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर बसले. वाईट माणूस नव्हता; फक्त गावाचं सगळं आपल्या धोतरासारखं घट्ट पाहिजे, असा स्वभाव. आता धोतर त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं, पण स्वभाव तोच.

"पोरी, तू लई केलंस. आता आराम कर. तुझ्या जागी त्या तरण्या उबाल्दोला घालतो."

"आन् वर्ष कुणाच्या नावावर चढंल?"

"जो शेवटाला असंल त्याच्या. तसंच हाय की पयल्यापास्नं."

"म्हंजी पाच महिनं म्या डोंगर चढायचा, आन् यादीत उबाल्दो?"

"पाय मोडलाय तुझा, माक्रिना."

"पाय मोडलाय. डोस्कं न्हाई. हात न्हाई." तिनं पावाची टोपली त्यांच्याकडं परत सरकवली. "मला तीन आठवडं द्या, तिओ. म्या खाली बसून वरचं यंत्र चालवून दावते. न्हाई जमलं तर तुमचा उबाल्दो, तुमचा पाव."

तीन आठवडे दिले. माणूस लंगड्या बाईला एवढं तरी देतो.

शहरात नोएमी नावाची बाई होती, टॉवर उभारताना आलेली. तिनं फोनवरनं समजावलं. यंत्रात एक दारवान बसवायचा. म्हणजे माणूस नव्हे, एक प्रोग्रॅम. तो सारखा दाराला कान लावून असतो. लांबनं कुणी हाक मारली की ओळख विचारतो, खूण पटली की आत घेतो. एकदा आत गेलं की आपण तिथं बसल्यासारखं सगळं करता येतं. "पण प्रत्येक यंत्रातला दारवान वेगळ्या तऱ्हेनं उठतो," नोएमी म्हणाली. माक्रिनाला ते लगेच पटलं. तिनं गावातली माणसं फोनसाठी उठवली होती. दोन माणसं एका हाकेत कधी उठली नाहीत.

गावाची यंत्रं तीन. डोंगरावरचं लिनक्सवालं. चावडीतलं विंडोजवालं, ज्यात जन्ममृत्यूच्या नोंदी. आणि गावच्या रेडिओचं, उत्तरेतल्या पोरांनी वर्गणी काढून पाठवलेलं, पाठीवर सफरचंद असलेलं. माक्रिनानं ठरवलं, करायचं तर तिन्ही. डोंगरावरचं एकच केलं असतं तर लोक म्हणाले असते, योगायोगानं जमलं.

डोंगरावर एकदा तरी जाणं भागच होतं. तौरिनोच्या खेचरावर बसून निघाली. मोडका पाय कुदळीच्या दांड्यासारखा सरळ पुढं. वाटेवरची झुडपं त्या पायानं झोडपत चालली.

"तिया," तौरिनो म्हणाला, "खेचराला वाटतंय तू त्येला रस्ता दावतीयास."

"दोघास्नी दावतीया. चल."

वर लिनक्सच्या यंत्रात दारवान मागवायला एक ओळ, उठवायला एक ओळ. उठलास का म्हणून विचारलं तर हिरव्या अक्षरांत 'चालू' असं आलं. खाली घरी येऊन स्वैपाकघरातल्या जुन्या लॅपटॉपवरनं हाक मारली. पहिल्याच हाकेला ओ आली. माक्रिना चुलीपुढं एकटीच मोठ्यानं हसली.

तिसऱ्या दिवशी वीज कडाडली, डोंगरावरची लाइट गेली आणि आली. लॅपटॉपवरनं हाक मारते तर पलीकडं स्मशानशांतता. नोएमीला फोन लावला.

"तू त्याला उठवलंस," नोएमी म्हणाली, "पण यंत्र चालू झालं की दर वेळी आपणहून उठत जा, असं सांगितलंस का?"

"ते येगळं सांगायचं असतंय?"

"वेगळी ओळ असते."

पुन्हा खेचर. पुन्हा दांडा पुढं. तौरिनो वाटभर शीळ घालत होता, आणि ते टोमण्यापेक्षा वाईट होतं.

चावडीतल्या यंत्राला डोंगर नव्हता, पण कारभारी होता. आउसेन्सियो. गावचा चिटणीस, ठरावबुक काखेत घेऊन झोपणारा.

"माझ्या यंत्राला हात लावू नगंस. गावाचं जन्ममरण हाय त्यात. तू घरी बसून माणसं मारशील."

"मारली तर पयला तुला मारीन. सरक."

विंडोजमध्ये दारवान जादाच्या सोयींच्या यादीत झोपवून ठेवलेला. त्याला शोधून बसवला, सेवांच्या यादीत 'आपोआप' असं लावलं. एकदा चटका बसला होता, आता ती ओळ विसरणार नव्हती. तरी बाहेरनं ओ येईना. दोन दिवस गेले. शेवटी कळलं, दारवान जागा आहे, पण पुढं फायरवॉलचा दुसरा पहारा आहे आणि त्या पहारेकऱ्याला कुणी कळवलेलंच नाही. त्याला कळवलं. "चावडीच हाय," माक्रिना म्हणाली, "एका खुर्चीनं सांगून दुसरी ऐकती काय?"

रेडिओचं यंत्र सगळ्यांत गुणी. एका ठिकाणी एक बटण सरकवलं, दारवान उभा. इतकं सोपं निघाल्यावर माक्रिनाला संशयच आला, आणि संशय खरा ठरला. अर्धा तास कुणी शिवलं नाही की ते यंत्र डुलकी काढायचं आणि दारवानही त्याच्या सोबत घोरायचा. त्याची झोप बंद केली.

एकविसाव्या दिवशी सभा. माक्रिना काठी टेकत पुढं गेली, लॅपटॉप टेबलावर ठेवला, डोंगरावरच्या यंत्रातली मोबाइलची सेवा बंद केली. सभेतल्या सगळ्या मोबाइलांवरची सिग्नलची रेघ गेली. परत चालू केली. थोड्या वेळानं रेघ आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तौरिनोनं टोपी काढली आणि परत घातली, हेही त्याच्याकडनं खूप.

तिओ क्रिसोफोरो टेबलाशी वाकून बघत होते. "आन् आत जायची खूण काय हाय?"

"पासवर्ड हाय एक. तिन्हीस्नी एकच ठेवलाय, ध्यानात ऱ्हावा म्हणून."

"तो बुकात यायला पायजे."

"ती सांगायची गोष्ट न्हाई, तिओ."

"गावाच्या वस्तूची खूण एकटीच्या डोस्क्यात? टाकीची किल्ली चावडीत खिळ्याला हाय. देवळाची हाय. तुझीच तेवढी न्हाई? काय लपवतीयास?"

मागनं दोघातिघांनी री ओढली, "सांग की! काय लपवतीयास?"

एकोणीस वर्षं साऱ्या गावाचं पोटात ठेवलेल्या बाईला 'काय लपवतीयास' हा शब्द असा लागला की डोकंच फिरलं. चूक इथं झाली, आणि ती तिचीच. तिनं टेबलावर हात आपटला.

"म्या कुणापास्नं काय लपवलं न्हाई, लपवायची न्हाई. लिव्ह आउसेन्सियो! लंगडीकोंबडी वीस. सगळं जोडून. आन् यंत्राचा पत्ता बी लिव्ह."

पाय मोडल्यापासून गाव तिला मागनं लंगडी कोंबडी म्हणायचं. तिनं तोच शब्द मुद्दाम ठेवला होता. सभा पोट धरून हसली. आउसेन्सियोनं नेटक्या अक्षरात लिहिलं.

आणि आमच्याकडं ठरावबुक नुसतं लिहून मिटत नाहीत. सभेला नसलेल्यांनाही कळावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते भोंग्यावरनं वाचायचं. आउसेन्सियोनं वाचलं. ठराव पहिला, पाण्याची पाळी. ठराव दुसरा, देवळाचा पत्रा. ठराव तिसरा, डोंगरावरचं यंत्र, त्याचा पत्ता हा, पासवर्ड हा, सगळं जोडून, मधे जागा न सोडता. दोनदा वाचलं, कारण ठराव दोनदा वाचायची रीत. भोंगा वाजला की गावचा रेडिओ तेच उचलतो, आणि रेडिओ इंटरनेटवरनं लॉस एंजेलिसमध्ये ऐकला जातो. दुपारपर्यंत शाळेतली पोरं 'लंगडीकोंबडी वीस' म्हणत दोरीवरनं उड्या मारत होती.

नोएमीलाही मदतीला आत येता यावं म्हणून डोंगरावरच्या यंत्राचं दार बाहेरच्या जगाकडनं उघडं ठेवलं होतं. पाचव्या दिवशी गावातले सगळे फोन मेले. माक्रिनानं हाक मारली तर दारवान म्हणाला, तुला ओळखत नाही. कुणीतरी आत शिरून पासवर्डच बदलला होता. उत्तरेतला कुणी पोरगा गंमत म्हणून गेला, की परका, ते आजतागायत कळलेलं नाही. तीन दिवस गाव मुकं झालं. एउफ्रोसिनाच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा सुईणीला सांगायला माणूस पळत पाठवावा लागला. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण तीन घरं ओलांडेपर्यंत बातमीत दोघंही दोनदा मेली.

तिओ क्रिसोफोरोंनी सभा बोलावली. सभेच्या आदल्या दिवशी माक्रिना तिसऱ्यांदा खेचरावर चढली. तौरिनोला वाटलं, ही आता आपल्या हातानं सगळं उपटून आणणार.

"सोडून दे की तिया," तो म्हणाला. या वेळी टोमणा नव्हता. "हात मोजला काय, न मोजला काय. हात मोजल्यानं मका वाढत न्हाई."

"तुझा मोजत्यात ना?"

"मोजत्यात."

"मंग तू गप बस."

दुपार उतरल्यावर ती खाली आली. यंत्र पुसून नव्यानं मांडलं होतं. मग चावडीतलं आणि रेडिओचंही तसंच केलं.

सभेत तिओ क्रिसोफोरो उभे राहिले. "माझं म्हणणं साधं हाय. लांबनं कारभार करायला गेलं की असं हुतंय. पायांनी वर जाणारा माणूस पायजे. माक्रिनाला मोकळं करू. उबाल्दो—"

"म्या मोकळी हुनार न्हाई," माक्रिना म्हणाली. ती बसूनच बोलली. आधीच पाय ठणकत होता, आणि या लोकांसाठी उभं राहायची तिला गरज वाटली नाही. "पयलं ऐका. चूक माझीच हाय. कुणी लपवतीयास म्हणलं आन् म्या भ्याले. चार शब्दांस्नी भिऊन पोटातलं वकले. ती चूक गुडघ्याची न्हाई, तोंडाची हाय. गुडघ्यापायी काढू नगा मला."

"मंग आता नवा पासवर्ड काय?" आउसेन्सियोनं पेन उचललं.

"पासवर्डच न्हाई."

"म्हंजी?"

"दारवानाला सांगितलंय, कुणी शब्द बोलून दावला तर आत घ्यायचा न्हाई. देवळातला पाद्री बोलला तरी न्हाई. आता ज्याच्यापाशी किल्ली असंल त्योच आत. ती किल्ली लोखंडाची न्हाई, लॅपटॉपातली फाइल हाय, पाठ करता येत न्हाई, वाचून दावली तर तुझा भोंगा तासभर खोकंल. तीन किल्ल्या केल्यात. एक माझ्यापाशी. एक नोएमीपाशी. एक हितं, पेनड्राइव्हवर." तिनं तो टेबलावर ठेवला.

"म्हंजी परत लपवालपवीच," तिओ क्रिसोफोरो म्हणाले.

आता मात्र ती काठीवर भार देऊन उठली.

"तिओ, गावच्या जमिनीच्या जुन्या कागदांची पेटी कुठं हाय?"

"चावडीत."

"कुलपं किती?"

"तीन."

"किल्ल्या कुणाकडं?"

"तिघांकडं. बुकात नावं हायत."

"नावं हायत. किल्ल्या कुठल्या मडक्यात ठेवत्यात ते हाय का बुकात? भोंग्यावर वाचलंय कवा? तुमच्या आज्यानं वाचलं असतं तर आज गावाला जमीन उरली असती का? ही पेनड्राइव्हवरची किल्ली त्याच पेटीत टाका. बुकात लिव्हा, किल्ली कुणाकडं हाय. किल्ली कशी हाय ते लिव्हायचं न्हाई. आता ऱ्हायलं उबाल्दोचं. उबाल्दो, ऊठ."

उबाल्दो उठला. तिशीतला, दोन्ही पाय शाबूत.

"घेतोस का? म्या किल्ली देते. पर एक ध्यानात ठेव. घेतलीस की पाऊस असो, वीज असो, यंत्र अडलं की तुझं नाव. आन् लांबनं कारभार नगं म्हणत्यात तिओ, तवा दर वेळी पायांनी."

उबाल्दोनं खिडकीतनं डोंगराकडं बघितलं. वर ढग बसला होता. मग तो आपल्या टोपीत बघायला लागला. तिओ क्रिसोफोरोंनी विचारलं, "दुसरं कुणी?" सगळ्या सभेत टोप्यांचं आतलं अस्तर बघायचं काम चाललं होतं.

"मंग लिव्ह आउसेन्सियो," माक्रिना म्हणाली, "काम चालू."

उरलेलं वर्ष तिनं स्वैपाकघरातनं काढलं. एका बाजूला घेवड्याचं मडकं, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. एकदाही खेचर लागलं नाही. तौरिनो कुरकुरला, की बाईनं खेचराला आळशी केलं.

एक जानेवारीला सगळे जुने मानकरी आपापल्या किल्ल्या टेबलावर ठेवून उतरले. माक्रिनाच्या जागी एउफ्रोसिनाची सून आली, तान्हं पाठीला बांधून. माक्रिनानं तिच्या नावाची नवी किल्ली तिन्ही यंत्रांत घातली आणि सभेसमोर स्वतःची पुसली. मग आपल्याच लॅपटॉपवरनं हाक मारली. दारवानानं ओळख नाकारली. "बगा," ती म्हणाली, "आता मला बी घेत न्हाई. शाणा हाय."

आउसेन्सियोनं यादी उघडली. लिहिता लिहिता म्हणाला, "माक्रिना येस्कास, कै. दोमितिलो येस्कास यांची—"

काठी पेनाच्या पुढं येऊन थांबली.

"पुढं मोकळं सोडा, म्हणले हुते."

सोडलं. दुसऱ्या दिवशी भोंग्यावर दोनदा वाचायचं होतंच. पण त्याआधी त्याच सभेत तिओ क्रिसोफोरोंनी खुर्ची सोडता सोडता शेवटचा ठराव मांडला, की इथनं पुढं ही गावकी धडधाकट पायांच्या माणसालाच द्यावी. बाजूनं हात वर झाले, आउसेन्सियोनं मोजले. मग विरोधातले मोजायला लागला. पुढच्या बाकापासून सुरुवात केली, मागच्या बाकापर्यंत आला आणि सवयीनं तिथंच आकडा लिहायला लागला.

माक्रिना तिच्या जुन्या जागी, भिंतीला पाठ लावून उभी होती. हात सरळ वर, पायाच्या दांड्यासारखाच ताठ.

"आउसेन्सियो," ती भोंग्याच्या आवाजात म्हणाली, "अजून एक हाय. मोज."